सातच्या मीटिंगमधल्या वाती

चँडलर, रविवार, ११ ऑक्टोबर १९८७

दूध तापवून झालं होतं, बंबात शेवटचा ढलपा घालून झाला होता, दारापुढं सडा पडला होता, आणि मी पदराला हात पुसत तुमच्यासमोर येऊन बसले होते. तुम्ही पोथी उघडलीत. दहा ओळी वाचल्यात आणि चष्म्यावरून बघत विचारलंत, "मी आत्ता काय वाचलं?"

मला सांगता आलं नाही. कोनाड्यात एक मुंगी साखरेचा दाणा घेऊन चढत होती आणि दर वेळी त्याच जागी घसरत होती. मी तिच्याकडे बघत होते.

लग्नाला वीस दिवस झाले होते. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही उठलात, फडताळातून कापसाचा डबा काढलात आणि पाट माझ्याकडे सरकवलात. "ह्या वळ," म्हणालात. "तुझे हात रिकामे राहिले की कानही कुठंतरी फिरायला जातात." मी बोटांना दुधाचा थेंब लावून वाती वळायला लागले. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचलंत. या खेपेला विचारलंत तेव्हा मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. तुम्ही शाबास म्हणाला नाहीत. शाळेत शिकवतानाही कुणाला म्हणत नसाल. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या जागेवर कापूस आधीच काढून ठेवलेला असायचा.

वन्सं, पंचवीस वर्षांपूर्वीची ही सांगलीची सकाळ मला एकदम आठवली, ती इथं अमेरिकेत, कारखान्यातल्या मीटिंगमध्ये बसले असताना. म्हणून पत्र लिहिते आहे. आधीची दोन पत्रं परत आली. पाकिटावर पोस्टमननं 'घेण्यास नकार' लिहिलं होतं आणि खाली तुमची सही होती. खरं सांगते, सही बघून बरंही वाटलं. अजून तशीच ठाम आहे.

तुमचा त्र्यंबक गेल्याला गेल्या महिन्यात तीन वर्षं झाली. तुम्ही पासपोर्ट काढून, बॅग भरून तयार बसला होतात. मी फोनवर म्हणाले, घाई नको, डॉक्टर काळजीचं नाही म्हणाले, दिवाळीनंतर या, तोवर इथलं ऊनही उतरेल. नवव्या दिवशी हे गेले. नंतरच्या फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "मुद्दाम केलंस. माझ्या भावाचं तोंड मला दाखवलं नाहीस." मी काही बोलले नाही. आजही त्याबद्दल लिहीत नाही. दुसरं लिहिते.

मी जिथं काम करते तिथं कॉम्प्युटरच्या आत बसणाऱ्या चकत्या होतात. बशीएवढ्या, आरशासारख्या. मायक्रोस्कोपखाली धरून त्यांच्यावरचा चरा, डाग, धूळ शोधायची, हे माझं काम. यांनीच लावून दिलं होतं. मला ते चांगलं जमतं. चार-चार तास मान वर करत नाही मी. यंदा मार्चमध्ये मला लीड केलं, म्हणजे बारा बायकांची मुकादम. इथवर ठीक.

पण लीडला रोज सकाळी सातला मीटिंग असते. वीसच मिनिटं. वेन नावाचा आमचा सुपरवायझर आज काय करायचं, काय थांबवायचं ते सांगतो. मी पहिली दोन वाक्यं ऐकते. मग त्याच्या शर्टाच्या बाहीवर कॉफीचा डाग दिसतो, आणि हा उजव्या हातानं पितो तर डाग डाव्या बाहीवर कसा, याचा विचार सुरू होतो. भानावर येते तेव्हा सगळे खुर्च्या सरकवत असतात. ऑगस्टमध्ये तो म्हणाला होता की अमुक मशीनवरचा माल आज पुढं सोडू नका. मला ते ऐकूच आलं नाही. मी चोवीस चकत्या सोडल्या. तिसरी वेळ होती. वेन म्हणाला, डिसेंबरअखेरपर्यंत बघू, नाही जमलं तर तू परत नुसती मायक्रोस्कोपवर.

तुम्ही म्हणाल, मग बस की मायक्रोस्कोपवर. पद गेल्याचं मला काही वाटणार नाही, वन्सं. पण चार माणसं टेबलाभोवती बसून काहीतरी महत्त्वाचं सांगत असतील तर ते मला ऐकता येतं की नाही, हे मला या जन्मात एकदा बघायचं आहे. का, ते आज नको.

तब्येत जपा. हे पत्र परत आलं तर वाचून ठेवून देईन.

तुमची भावजय,
सुनेत्रा

*

चँडलर, रविवार, ८ नोव्हेंबर १९८७

वन्सं, नमस्कार.

चार आठवडे झाले, पत्र परत आलं नाही. तुम्ही वाचलंत असं मी म्हणत नाही. घरात घेतलंत, एवढं धरते.

दिवाळीला फिनिक्सच्या मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये झाला. चिवडा करून नेला होता. निघताना गाडी सुरू होईना. दिवे चालूच राहिले होते, बॅटरी संपली होती. या वर्षातली चौथी वेळ. मग दीपा नावाच्या मुलीनं तिची गाडी माझ्या गाडीशेजारी लावली आणि तारा जोडून माझी सुरू करून दिली. ही मुलगी नागपूरची, मुलांची मनाची डॉक्टर आहे, पस्तिशीची असेल.

मी म्हणाले, "माफ कर गं बाई, तुझी साडी काळी झाली. मी जन्माचीच वेंधळी."

ती म्हणाली, "मावशी, गणपतीतपण तुमचीच गाडी होती ना? आणि आत अध्यक्ष भाषण करत होते तेव्हा तुम्ही नॅपकिनच्या छोट्या छोट्या होड्या करत होता. मी बघत होते."

"भाषण ऐकायला बरं पडतं त्यानं."

"ऐकलंत?"

"ऐकलं की. पुढच्या वर्षी हॉल बदलायचाय आणि पाटणकरांनी स्पीकरच्या वायरी अजून परत केलेल्या नाहीत."

ती इतकी हसली की हातातली तार निसटली. म्हणाली, "मी तिथं पूर्ण वेळ बसून होते, मला हे काहीच माहीत नाही."

मग तिनं मला तिच्या गाडीत बसवलं आणि काय काय विचारलं. लहानपणी शाळेत काय व्हायचं, दूध किती वेळा उतू जायचं, पुस्तक हातात घेतल्यावर काय होतं. मी सांगितलं, मी सातवीपर्यंत शिकले, पण वाचनालयात बसले की जेवण विसरते. तुम्ही म्हणायचात ना, हिला पुस्तकात घातलं की घर पेटलं तरी कळायचं नाही. दीपा म्हणाली, तेच ते. लक्ष नसतं असं नाही. बोलावलं की येत नाही आणि न बोलावता येऊन मांडीवर बसतं. मी म्हटलं, मांजरासारखं. ती म्हणाली, "एक्झॅक्टली."

याला नाव आहे, वन्सं. लांबलचक इंग्रजी नाव आहे आणि यंदाच डॉक्टर लोकांनी ते बदललंय. आत्ताआत्तापर्यंत त्यांना वाटायचं की हे मुलांचं असतं आणि मोठं झाल्यावर जातं. काहींचं जात नाही असं आता लिहून येतंय. मी म्हटलं, "मी एकोणपन्नास वर्षांची आहे, आता कधी जाणार?" ती म्हणाली, "मावशी, तुम्ही डम्ब नाही आहात, ओके? आळशीपण नाही. आधी हे मनातनं कॅन्सल करा." गोळ्याही असतात म्हणे, मुलांना देतात. मोठ्यांचं ती चौकशी करून सांगणार आहे. तोवर मी माझं बघते म्हटलं.

आणि माझं म्हणजे तुमचंच. दुसऱ्या दिवशी दुकानातून कापूस आणला, थोडा शर्टच्या खिशात टाकला आणि सातच्या मीटिंगला टेबलाखाली वाती वळत बसले. वन्सं, मला सगळं ऐकू आलं! वेनचं अक्षर न् अक्षर. पाच दिवस असं चाललं. त्याची कॉफीची बाही दिसायची, पण मी तिथं थांबत नव्हते.

सहाव्या दिवशी घोटाळा झाला. आम्ही जिथं चकत्या तपासतो तिथं धुळीचा कणही चालत नाही. पांढरा झगा, टोपी, तोंडावर फडकं, बुटांवर पिशव्या, नुसते डोळे उघडे. कापूस तर त्या खोलीच्या आसपासही येता कामा नये. मी कापूस खिशातच विसरले आणि वरून झगा घालून आत गेले. दुपारी एका चकतीवर एक तंतू सापडला. मायक्रोस्कोप माझाच. तंतू बघितल्याबरोबर मी ओळखला, कारण त्याला पीळ होता. जगात कुठल्याही धुळीला असा पीळ नसतो. तो पाट आणि तळहात यांच्यामध्येच बसतो.

मी लगेच जाऊन वेनला सांगितलं. तो म्हणाला, "वीस वर्षांत मी केस बघितले, कोंडा बघितला, डोनटची साखर बघितली. दिव्याची वात पहिल्यांदाच." दोन चकत्या टाकून द्याव्या लागल्या. मीटिंगलाही कापूस बंद.

तेव्हा आता हात पुन्हा रिकामे आहेत. बघू.

सुनेत्राचा नमस्कार.

*

चँडलर, रविवार, २९ नोव्हेंबर १९८७

वन्सं,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. तो तंतू सापडल्यावर मी लगेच वेनला सांगितलं नाही. चकती बाजूला ठेवली, कागदावर 'धूळ' असं लिहिलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं, कारण तोवर वेन स्वच्छता करणाऱ्या बाईला बोलायला लागला होता. मध्ये एक अख्खा दिवस गेला. पत्रात तो दिवस मी गाळला. तुम्ही शाळेत वही तपासताना खाडाखोड केलेली जागा पहिल्यांदा बघायचात, म्हणून आपणहून दाखवते.

आता पुढचं.

मीटिंगला माझ्या शेजारी कॉन्सुएलो बसते. तिचे आजोबा इथल्याच कापसाच्या शेतावर काम करायचे. कापूस वेचण्यात त्यांची बोटं फाटली असं ती सांगते. माझा कापूस बंद झाल्यावर मी पेनाचं टोपण उघड-मीट करायला लागले. तिसऱ्या दिवशी ती कुजबुजली, "सु, ते थांबव, नाहीतर मी ते टोपण गिळीन." मग तिनं तिच्या खणातून चकत्या पुसायची फडकी काढली. ही कारखान्याचीच, कसल्यातरी चिवट धाग्याची, यातून तंतू सुटत नाही. "हे वळ," म्हणाली. "यातलं काही आत गेलं तरी वेन काही म्हणू शकत नाही. हे त्यानंच विकत घेतलंय."

म्हणून मी आता त्या फडक्याच्या पट्ट्या कापून त्यांच्या वाती वळते. अगदी समईच्या वातीसारख्या होतात. घरी एक तेलात भिजवून लावून बघितली. आक्रसून काळी गोळी झाली आणि घाण वास सुटला. देवापुढं चालणार नाहीत. पण मीटिंगला चालतात.

दीपाला फोन केला तर तिनं आणखी तीन गोष्टी सांगितल्या. एक, बोलणाऱ्याच्या अगदी जवळ बसायचं, दाराकडं तोंड करून नाही. दुसरं, सगळं लिहून घ्यायला जायचं नाही, एका विषयाला एकच शब्द लिहायचा. मी पूर्वी सगळं लिहायला जायची आणि तिसऱ्या ओळीपासून नुसती वेलबुट्टी निघायची. तिसरं म्हणजे, उठायच्या आत आपल्याला काय कळलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. मी म्हटलं, दीपा, हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, पुस्तकात आहे. मी म्हटलं, आमच्या सांगलीला पुस्तकाशिवायच होतं. 'मी आत्ता काय वाचलं?'

तरी मंगळवारी मी भरकटत गेलेच. हातात वात होती, वेनच्या शेजारी बसले होते, शब्दही लिहीत होते. पण त्या दिवशी छतावर दुरुस्तीवाले चालत होते आणि त्यांच्या पावलांवरून मी ते किती जण आहेत ते मोजायला लागले. तीन होते, त्यातला एक लंगडत होता. भानावर आले तेव्हा वेन म्हणत होता, "…आणि हे फार महत्त्वाचं आहे. एनी क्वेश्चन्स?"

वन्सं, हे दोन शब्द मला माहीत आहेत. या दोन शब्दांना आजवर मी एकच उत्तर दिलं आहे. नो, थँक यू.

मी हात वर केला. माझा आवाज मलाच ऐकू येईना. म्हणाले, "वेन, माझं लक्ष नव्हतं. शेवटचं सगळं पुन्हा सांग."

वेननं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, गेलं पद. तेवढ्यात कॉन्सुएलो म्हणाली, "हो, पुन्हा सांग. मलापण नाही कळलं." मग पलीकडचा एक म्हातारा टेक्निशियन म्हणाला, "वेन, तू काल जे बोललास ते तरी आम्हाला कुठं कळलंय?" सगळे हसले. वेनही हसला. "चला, गाढवांनो," म्हणाला, आणि उठून फळ्यावर लिहिलं. लिहिताना त्याच्याच लक्षात आलं की त्यानं दोन तारखांची अदलाबदल केली होती. तो स्वतःशीच म्हणाला, "बरं झालं विचारलंस."

आता तो रोज फळ्यावर लिहितो. आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणतो, "सु, मी काय म्हणालो?" मी सांगते.

मला एवढं साधं वाक्य बोलायला एकोणपन्नास वर्षं लागली. त्यातल्या तीन वर्षांचं मी तुमचं देणं लागते. पुढच्या पत्रात.

सुनेत्रा

*

चँडलर, रविवार, १३ डिसेंबर १९८७

वन्सं,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते, खाडाखोड राहू द्या.

१२ सप्टेंबर १९८४, बुधवार. हॉस्पिटलात मला एका खोलीत बोलावलं. टेबलाच्या पलीकडे तिघं होते. हृदयाचे डॉक्टर, एक नर्स, आणि नातेवाइकांशी बोलणारी एक बाई. हे वर खाटेवर होते. माझी पर्स मी मांडीवर घट्ट धरली होती, कारण चांगल्या माणसांसमोर हातात काही चाळा करू नये असं मला वाटायचं.

तुम्हाला माहीत नसेल, पण बँकेत, घराच्या कागदांवर सह्या करताना, कुठंही चार माणसं बोलायला लागली की हे माझ्या शेजारी बसायचे आणि माझं लक्ष उडालं की माझ्या कोपराला एक बोट लावायचे. नुसतं एक बोट. बावीस वर्षं. ते कधी त्यावरून मला बोलले नाहीत, कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

डॉक्टरांच्या टेबलावर प्लॅस्टिकचं हृदय होतं, दोन भागांत उघडणारं. त्याच्या बिजागरीचा खिळा पडला होता आणि कुणीतरी तिथं कागदांना लावायची टाचणी वाकवून बसवली होती. डॉक्टर बोलताना ते उघडत होते, मिटत होते. ती टाचणी आता निसटेल, मग निसटेल, असं मला वाटत राहिलं. ते दहा मिनिटं बोलले. अतिशय हळू, नीट, प्रेमानं बोलले. तेवढं आठवतं. मग त्यांनी विचारलं, "एनी क्वेश्चन्स?" मी म्हणाले, "नो, थँक यू." नर्सनं एक पाकीट दिलं, ते मी पर्समध्ये टाकलं. त्या बाईनं माझा खांदा दाबला. मला वाटलं, चांगली बाई आहे.

वर गेले. यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणाले, "चांगलं चाललंय म्हणाले." हे माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. संत्रं सोल." मी संत्रं सोललं.

त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. दिवाळीनंतर या म्हणाले.

तेराव्याच्या दिवशी रुमाल शोधताना पर्समध्ये ते पाकीट सापडलं. आत मुंबईच्या अमेरिकन वकिलातीला लिहिलेलं हॉस्पिटलचं पत्र होतं. रुग्णाला फार तर दोन-तीन आठवडे आहेत, त्यांना आईच्या जागी असलेल्या मोठ्या बहिणीला ताबडतोब व्हिसा द्यावा. तुमचं नाव, पत्ता, सगळं बरोबर. म्हणजे मीच त्यांना सांगितलं होतं तुमच्याबद्दल, कधीतरी, आणि ते त्यांनी नीट ऐकून ठेवलं होतं.

हे पत्र मी सोबत ठेवलं आहे. मूळ प्रत आहे. तीन वर्षं माझ्याकडे होती, आता तुमच्याकडे असू दे.

तुम्ही म्हणालात, मुद्दाम केलंस. मी गप्प बसले, वन्सं, कारण मला ते सोपं पडलं. दुष्ट बाईला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. ते तिघं माझ्या नवऱ्याचं मरण मला सांगत होते आणि मी टाचणीकडे बघत होते, हे माझ्या तोंडातून निघेना. तुम्ही मला दुष्ट समजलात तर चालेल, पण हे कळू नये, असं वाटायचं. यांनाही मी सांगू शकले नाही. त्यांना आपोआप कळलं होतं का, हा विचार मी अजून करते. संत्र्याची साल काढताना त्यांनी माझ्या कोपराला हात लावला होता. का लावला होता ते मला विचारता आलं नाही.

दीपा म्हणाली की हा माझा स्वभावदोष नाही, मेंदूची घडणच तशी आहे. तिचं खरं असेल. त्यानं मला झोप लागायला लागली आहे. पण तुम्हाला सांगताना मी ते नाव पुढं करणार नाही. तुम्हाला तुमचा भाऊ दिसला नाही तो माझ्या न ऐकण्यामुळं, आणि नंतर तीन वर्षं तुम्हाला खरं कळलं नाही ते माझ्या न बोलण्यामुळं. पहिलं माझ्या हातात नव्हतं. दुसरं होतं.

माफी मागते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

सुनेत्रा

*

चँडलर, रविवार, १४ फेब्रुवारी १९८८

वन्सं, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र सोमवारी आलं. कामावरून येऊन डबा ओट्यावर ठेवला आणि पेटीतून टपाल काढलं, तर बिलांच्या मध्ये निळं हवाई पत्र. अक्षर आधी ओळखलं नाही. रेघा हललेल्या होत्या. मग 'सुनेत्रा'मधला तुमचा 'त्र' दिसला, त्र्यंबकमधला, आणि मी उभ्याउभ्याच फोडलं.

हातात काही नव्हतं तरी सगळं वाचलं. एकही शब्द सुटला नाही. परत सांगते, बघा बरोबर आहे का.

तुम्ही लिहिलंत: चारही पत्रं मिळाली. शुद्धलेखन सुधारलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या अठ्ठावीस चुका आहेत, शेवटच्या पत्रातल्या मोजल्या नाहीत.

तुम्ही लिहिलंत: राग गेलेला नाही. त्याचं तोंड दिसलं नाही ते नाहीच दिसलं, त्याला आता औषध नाही. ते हॉस्पिटलचं पत्र देवाजवळ ठेवलं आहे.

मग तुम्ही लिहिलंत की कापूस हातात दिल्याशिवाय हिला ऐकू जात नाही हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. फोनवर मी विचारायला हवं होतं, डॉक्टर काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांग. विचारलं नाही. आणि पुढं, त्या हललेल्या अक्षरात, 'मला विमानाची भीती वाटत होती. दिवाळीनंतर या म्हणालीस तेव्हा मी सुटल्यासारखी झाले. बॅग त्याच संध्याकाळी माळ्यावर टाकली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.'

सांगणार नाही, वन्सं.

ओट्यापाशी बसून मी पुष्कळ रडले. मग भाजी टाकली. करपली. दुसरी केली.

तुम्ही विचारलंत, मीटिंगचं काय झालं. वेननं डिसेंबरअखेर मला बोलावलं. मी वात घेऊनच गेले. तो म्हणाला, तुला लीडच ठेवतोय, आणि आता आणखी एक मीटिंग वाढवतोय, गुरुवारची. मी म्हटलं, हे बक्षीस का शिक्षा? म्हणाला, "दोन्ही." गुरुवारची तासाची असते. त्यात मी दोनदा तरी भरकटत जातेच. परत आले की हात वर करते. आता कुणी हसतही नाही. परवा एक नवा इंजिनिअर स्वतःच म्हणाला, "मीपण सुसारखं करू का? मघाशी माझं लक्ष नव्हतं."

दीपा म्हणते गोळ्यांचं उन्हाळ्यात बघू. बघू.

शेवटच्या चार ओळी तुम्ही कडेला उभ्या लिहिल्या आहेत, जागा संपली म्हणून. त्या मी पाठ केल्या. 'हात थरथरतात. वाती वळवत नाहीत. बाजारातल्या फुटतात आणि तेल पीत नाहीत. पाडव्याच्या आत पाचशे वळून आण. पाठवू नकोस, पोस्टात चेपतात.'

दुसऱ्या दिवशी सातची मीटिंग संपल्यावर मी वेनकडे तीन आठवड्यांची रजा मागितली, आणि घरी येताना दुकानात उतरून कापूस आणला.

सुनेत्रा